पंधरा-सात

मघाशी परिचय करून देताना मला ‘नामवंत तलवारबाज’ म्हटलं गेलं. ते आधी खोडून काढतो, नाहीतर घरी गेल्यावर बायको हसेल. मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. नव्वदच्या दशकात एका उन्हाळी शिबिरात दहा दिवसांत हा खेळ शिकलो, अकराव्या दिवसापासून मुलांना शिकवायला लागलो, आणि पुढं वीसेक वर्षं जिल्ह्याच्या नि विभागाच्या शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो. म्हणजे तुमच्यासमोर बोलतोय तो वार करणारा माणूस नाही, वार कुणाचा धरायचा ते सांगणारा आहे. या खेळात ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

टेबलावर ठेवलंय त्याला सेबर म्हणतात. आपल्याकडच्या बातम्यांत कधी कधी ‘सायबर’ छापून येतं, मग वाचणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटरची काहीतरी स्पर्धा आहे. इथं येताना एसटीत कंडक्टरनं लांबट पिशवीकडं बघून विचारलं, “काका, काय आहे यात?” म्हटलं, “तलवार.” तो म्हणाला, “लग्नाची का?” मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसलो असतो तर उतरायचा फाटा मागं गेला असता.

आता विषयाकडं येतो. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. नावात २०२२ होतं, करोनामुळं वर्षभर पुढं गेल्या. तलवारबाजी तिथल्या एका विद्यापीठाच्या जिम्नॅशियममध्ये होती. सहा दिवस आणि बारा सुवर्णपदकं. त्यातले दोनच दिवस मी आज घेणार आहे. २५ सप्टेंबरला पुरुषांच्या सेबरची अंतिम लढत झाली, निकाल १५-७. दुसऱ्या दिवशी महिलांच्या सेबरमध्ये आपल्या भवानी देवीची उपांत्यपूर्व लढत झाली. निकाल १५-७. पहिल्या लढतीत दोघंही कोरियाचे होते. दुसरीत आपली मुलगी हरली. पेपरात दोन्ही निकाल सारखेच दिसतात. मी मात्र बरेच दिवस त्या दोन पंधरा-सातांकडं बघत बसलो होतो.

पण त्याआधी पंधरा म्हणजे काय ते सांगायला हवं. अशा लढतीत जो आधी पंधरा गुण करतो तो जिंकतो. अवघड आहे ते गुण कुणाचा हे कळणं. मला माहीत आहे, इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ऑलिंपिकमध्ये टीव्हीवर हा खेळ दोन मिनिटं पाहिला असेल आणि चॅनल बदललं असेल. दोन पांढरे कपडे घातलेली माणसं अंगावर धावून जातात, टिंग होतं, दोन्हीकडचे दिवे लागतात, आणि दोघंही मूठ वळून ओरडतात. दोघंही! जिंकलं कोण? चॅनल बदलणाऱ्याची चूक नाही.

तलवारबाजीत शस्त्रं तीन. फॉइलमध्ये टोकानं टोचायचं, आणि तेही फक्त धडावर. इपीत टोकानंच, पण डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठंही. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठंही, आणि टोक, धार, काहीही चालतं. घोडेस्वाराची तलवार होती ती. घोड्यावर बसलेल्याला कमरेखाली काय मारणार, म्हणून कमरेची मर्यादा, असं शिबिरात आम्हाला सांगितलं होतं. ऐकायला छान आहे, पण इतिहासकारांना ते फारसं पटत नाही असं पुढं वाचनात आलं, तेव्हा तुम्ही ते परीक्षेत लिहू नका.

तिघांत सगळ्यात सरळ इपी. ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण. दोघांची जवळजवळ एकाच क्षणी लागली, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाच्या आत, तर दोघांनाही गुण. त्यामुळं इपीवाले सावध असतात, एकमेकांचा अंदाज घेत उभे राहतात. हांगझोऊची महिलांची इपी अंतिम लढतसुद्धा दोन कोरियन बायकांचीच होती, चोई इन-जोंग आणि सोंग से-रा, आणि ती पंधरापर्यंत न जाताच ९-८ अशी संपली. बघणाऱ्याला कंटाळा येऊ शकतो. पण जिला तिथं उभं राहायचं तिच्या मनगटावर, गुडघ्यावर, अंगठ्यावर, सगळीकडं मरण टांगलेलं असतं.

फॉइल आणि सेबरमध्ये मात्र नुसतं लागून भागत नाही. लावण्याचा हक्क असावा लागतो. हे मुलांना समजावताना माझी फार दमछाक व्हायची, शेवटी एक दाखला सापडला आणि त्यानं वीस वर्षं काम केलं. घाटात अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर वाट कुणाची? चढणाऱ्या गाडीची. उतरणाऱ्यानं थांबायचं. उतरणारा थांबला नाही आणि धडक झाली, तर पत्रा दोघांचाही चेपेल, पण चूक उतरणाऱ्याचीच धरतात. तसं इथं. ज्यानं आधी हात पुढं काढून चाल केली, वाट त्याची. समोरच्यानं आधी त्याची चाल मोडायची, म्हणजे पात्यानं पातं अडवायचं किंवा मागं सरून त्याला हवेत वार करायला लावायचं. चाल मोडली की हक्क फिरला, आता हा चढणारा आणि तो उतरणारा. हे न करता समोरच्यानं नुसता वार केला आणि दोन्ही दिवे लागले, तर गुण चाल करणाऱ्याला. आणि दोघांनी खरोखरच एका वेळी सुरुवात केली असेल तर कुणालाच नाही, परत जागेवर.

सेबरमध्ये हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं. पंच फ्रेंचमध्ये आज्ञा देतो: आं गार्द, प्रे, आणि मग ‘आले!’ आमच्या शाळेत पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, “कोण आले, सर?” खरं म्हणजे त्याचं बरोबर होतं. ‘आले’ म्हटल्याबरोबर दोघंही आलेलेच असतात. धावपट्टी चौदा मीटर लांब, पण सुरुवात मध्यापासून दोन-दोन मीटरवर, म्हणजे दोघांत अंतर चार मीटरचं. पहिल्या दोन पावलांत निम्मे गुण ठरतात.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या वेळी सेबरची लढत बघाल तेव्हा तलवारीकडं बघू नका. ती दिसतच नाही. पाय बघा. पुढच्या माणसाचं दुसरं पाऊल लांब पडलं की आखूड? मागं सरणारा किती मागं सरला, आणि कुठं अचानक थांबला? सेबरमध्ये पुढं जाताना मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून टाकायला बंदी आहे. टाकलात तर वार लागूनही गुण नाही, वर पिवळं कार्ड. म्हणजे धावत सुटता येत नाही. जे काय करायचं ते पुढचा पाय पुढं आणि मागचा मागं ठेवूनच. आपल्या कोल्हापूरच्या मर्दानी खेळात वस्ताद पहिले काही महिने हातात लाकूडही देत नाहीत, पवित्रेच काढायला लावतात, त्याचं कारण हेच. ‘पवित्रा घेणं’ हा वाक्प्रचार आपण राजकारणाच्या बातम्यांत वापरून वापरून गुळगुळीत केला, पण तो मुळात पायांचा शब्द आहे. आणि ‘हूल देणं’ सुद्धा. सेबरमध्ये अर्धं काम हुलीचं असतं.

लोक मला नेहमी विचारतात, “दांडपट्ट्याचा देश हा, २०२४ साली आपण त्याला राज्यशस्त्र केलं, मग या खेळात आपण मागं का?” त्याचं एक उत्तर असं की दांडपट्टा घेऊन चारी बाजूंना फिरायचं असतं, गर्दीतून वाट काढायची असते. इथं दीड-दोन मीटर रुंदीच्या पट्टीवर सरळ रेषेत एकच माणूस समोर आहे. पायाचा मूळ धडा एक, पण पुढची सगळी सवय उलटी. पट्टा फिरवणाऱ्या दोन चांगल्या पोरांना मी सेबर शिकवायचा प्रयत्न केला होता. दोघंही पहिल्या दिवशी गिरकी घेऊन माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

बरं, कोरिया. कोरियन तलवारबाजीला तिथली माणसंच ‘पायांची तलवारबाजी’ म्हणतात. मनगटाच्या कसबात युरोपातल्या घराण्यांची बरोबरी व्हायला पिढ्या लागल्या असत्या, उंचीही कमी. म्हणून त्यांनी पावलं वाढवली. समोरचा एक पाऊल टाकेपर्यंत आपली दोन. २००० साली सिडनीत किम योंग-होनं फॉइलमध्ये त्यांचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. २०१२ मध्ये लंडनला त्यांच्या पुरुषांच्या सेबर संघानं सुवर्ण घेतलं. त्या संघात एक तेवीस वर्षांचा मुलगा होता, गू बोन-गिल. तो त्याआधी २०१० ला ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक विजेता झाला होता, पुढं २०१४ ला इंचॉनला पुन्हा झाला.

आता २०१८, जकार्ता. गू एकोणतीस वर्षांचा. अंतिम लढतीत समोर त्याच्याच संघातला एकवीस वर्षांचा ओ सांग-उक. उंची एकशे ब्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे पायांच्या तलवारबाजीला आता लांब हातही मिळाला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या लढतीचं वजन कळणार नाही. कोरियात धडधाकट तरुणाला दीड-पावणेदोन वर्षं लष्करात जावं लागतं. खेळाडूला त्यातून सूट मिळते ती ऑलिंपिकचं कोणतंही पदक किंवा आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळवलं तर. रौप्य चालत नाही. आपल्याकडं पालक मला विचारायचे, “सर, यानं दहावीला किती ग्रेस मार्क?” किंवा “नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत बसेल ना?” मी तेव्हा चिडायचो. आता वाटतं, कोरियन आईबापसुद्धा तेच विचारत असणार, फक्त त्यांचा प्रश्न पोराच्या खेळण्याच्या ऐन वयातल्या दोन वर्षांचा असतो.

गूची सूट आधीच झालेली होती. ओची व्हायची होती. म्हणजे अंतिम लढतीत थोरल्याला सुवर्ण मिळालं तर त्याच्या कपाटात आणखी एक पदक, धाकट्याला मिळालं तर त्याची दोन वर्षं वाचणार. लढत गेली १४-१४ पर्यंत. पंच म्हणून सांगतो, चौदा-चौदा हा असा आकडा आहे की तिथं मी नेहमी प्रार्थना करायचो की एकच दिवा लागू दे, दोन्ही नकोत. शेवटचा गुण गूनं घेतला. १५-१४. सलग तिसरं सुवर्ण. आणि नंतर पत्रकारांशी बोलताना त्याच्याकडं आनंदापेक्षा अवघडलेपणच जास्त होतं. धाकट्याबद्दल वाईट वाटतं, आता सांघिक सुवर्णासाठी जीव लावीन, असं तो म्हणाला. त्याच आठवड्यात सांघिक अंतिम लढतीत त्यांनी इराणला ४५-३२ हरवलं. ओची सूट झाली.

सभागृहातून कुणीतरी म्हणालं, “सोडून द्यायचा ना एक गुण!” नाही, साहेब. इतकं सोपं नाही ते. एक तर तुम्ही सोडला तर समोरच्याला कळतं. रोज सकाळी ज्याच्यासमोर उभे राहता त्याला तुमचं खोटं पाऊल ओळखता येणार नाही? मग ते सुवर्ण त्याला आयुष्यभर टोचलं असतं. मी हे इतक्या खात्रीनं म्हणतो कारण मी स्वतः एकदा एका शालेय स्पर्धेत, सख्ख्या भावांच्या लढतीत, थोरल्यानं हात सैल सोडलेला पाहिला. धाकटा जिंकला आणि मुखवटा काढून जे रडायला लागला, ते बक्षीस समारंभापर्यंत थांबेना. त्यानं ते पदक घेतलंच नाही. ते माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

पाच वर्षांनी हांगझोऊ. पुन्हा अंतिम लढत, पुन्हा तेच दोघं. एका देशाचे दोनच खेळाडू उतरवता येतात, आणि ते दोन्ही शेवटापर्यंत आले. गू चौतीस वर्षांचा, सलग चौथं वैयक्तिक सुवर्ण मागायला उभा. ओ सत्ताविसाव्यात. या वेळी १४-१४ वगैरे काही झालं नाही. १५-७. ओ जिंकला. तीन दिवसांनी दोघांनी एकाच बाजूनं उभं राहून सांघिक सुवर्णही घेतलं. पुढच्या वर्षी पॅरिसला ओनं ऑलिंपिकचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं आणि सांघिकही, आणि त्या संघात गू होताच.

तर हे पहिलं पंधरा-सात. हरणाऱ्यानंच जिंकणाऱ्याला घडवलेलं. गूनं एवढी वर्षं रोज त्याच्यावर वार केले, रोज त्याच्या चाली मोडल्या, आणि त्यातून जो तयार झाला त्यानं एक दिवस थोरल्याला सात गुणांवर ठेवलं. आखाड्यात वस्ताद पठ्ठ्याला शेवटचा डाव शिकवत नाही म्हणतात. इथं शिकवलेला दिसतोय.

आता दुसरं.

भवानी देवी चेन्नईची. वडील देवळात पुजारी, आई घर सांभाळणारी. २००४ साली नव्या शाळेत गेली तेव्हा मुलांना खेळ निवडायचे होते, प्रत्येक खेळाला जागा ठरलेल्या. हिचा नंबर येईपर्यंत तलवारबाजीच उरली होती. सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव, कारण खरं विजेचं शस्त्र मोडलं तर परत आणायचं कुठून? ते फक्त स्पर्धेपुरतं काढायचं. हे ऐकून मला हसू आलं नाही, कारण आमच्या शाळेतही दोन सेबर होते आणि मुलं चौतीस. पुढं ती केरळात तलश्शेरीच्या साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात गेली. तिथं तिला सागर लागू हे प्रशिक्षक मिळाले. आडनाव आपल्या ओळखीचं आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथं तीन मिनिटं उशिरा पोचली म्हणून थेट काळं कार्ड, स्पर्धेबाहेर. आम्ही भारतीय पंच या नियमाकडं थोडी डोळेझाक करायचो हे इथं कबूल करतो. एसटी उशिरा आली तर मुलाची काय चूक?

मग इटलीत लिवोर्नोला निकोला झानोत्ती या प्रशिक्षकांकडं. २०२१ च्या जुलैत टोकियोला ती ऑलिंपिकमध्ये उतरली. भारताची पहिलीच तलवारबाज. स्त्री म्हणून पहिली असं नव्हे, कोणीही म्हणून पहिली. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला १५-३ हरवलं, पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून हरली. तिथंही १५-७ च. हा आकडा त्या मुलीच्या मागं लागलेला दिसतो.

२०२३ च्या जूनमध्ये चीनमधल्याच वूशीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर जपानची मिसाकी एमुरा, त्या वेळची जगज्जेती. भवानीनं तिला १५-१० हरवलं. मी ती लढत दोन-तीनदा पाहिली आहे. उपांत्य लढतीत उझबेकिस्तानच्या झैनाब दायिबेकोवाकडून १४-१५ अशी एका गुणानं हरली आणि कांस्य मिळालं. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. म्हणजे तीन महिन्यांनी हांगझोऊला जाणारी भवानी ही जगज्जेतीला हरवून आलेली होती.

हांगझोऊला साखळीतल्या पाचही लढती जिंकल्या. बाद फेरीत थायलंडच्या खेळाडूला हरवलं. उपांत्यपूर्व फेरी. इथं तुम्हाला एक गोष्ट कळली पाहिजे: आशियाई स्पर्धेत तलवारबाजीला कांस्यासाठी वेगळी लढत नसते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य. म्हणजे ही एक लढत जिंकली की पदक नक्की, भारताचं आशियाई स्पर्धेतलं तलवारबाजीचं पहिलं. समोर यजमान देशाची शाओ याची. निकाल ७-१५.

शाओ पुढं अंतिम फेरीत गेली आणि कोरियाच्या युन जी-सूकडून हरली. ही युन एका नामांकित बेसबॉल गोलंदाजाची मुलगी. आता पहा, महिलांच्या सेबरमध्येही कोरियाच.

भवानी हरली त्या रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, दडपण आलं हो.” मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. जगज्जेतीसमोर दडपण आलं नाही आणि इथं आलं? आपल्याकडं हरण्याचं कारण नेहमी मनात शोधायचं, ही एक सोपी पळवाट आहे. माझ्या मते कारण अंतरात आहे. सेबरमध्ये समोरच्याच्या पावलाचा हिशोब तुमच्या डोक्यात नसतो, मांड्यांत असतो, आणि तो तिथं साठतो रोज त्या ताकदीच्या माणसासमोर उभं राहून. ओसमोर रोज गू उभा होता. भवानीसमोर रोज कोण? तिला त्यासाठी घर सोडून लिवोर्नोला जावं लागलं, आणि तिथंही ती पाहुणीच. एखादी लढत एकटीच्या हिमतीवर जिंकता येते, वूशीला जिंकलीच. पण चिनी मुलीच्या मागं सरावाच्या हॉलमध्ये तिच्याच तोडीच्या अनेक जणी असतात, त्यांनी तिला हजारदा हवेत वार करायला लावलेलं असतं. आपल्याला दुसरी भवानी हवी आहे असं सगळे म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या मनात असतं की पहिली निवृत्त झाली की तिच्या जागी दुसरी. तसं नाही. ती पहिलीच्या समोर हवी होती, रोज सकाळी सहा वाजता.

आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरच्या साई केंद्रात मुलं-मुली अशी एकमेकांसमोर उभी राहतात हे मी पाहिलंय, आणि मला तिथल्या पदकांच्या फलकापेक्षा तिथली गर्दी जास्त आवडते. एका हॉलमध्ये चार-पाच पट्ट्या, सगळीकडं टिंग टिंग. कोण चांगलं खेळतंय ते कळायला वेळ लागतो. ते चांगलं लक्षण आहे.

उशीर आपल्याकडून झाला हे खरंच. आशियाई स्पर्धेत तलवारबाजी पहिल्यांदा आली १९७४ ला तेहरानमध्ये. भारतीय तलवारबाजी संघटनाही त्याच वर्षीची. पुढच्या बँकॉकलाही खेळ होता. मग १९८२ ला स्पर्धा आपल्या दारात, दिल्लीत आल्या. अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही, सगळं आठवत असेल तुम्हाला. त्यात तलवारबाजी नव्हती. १९८६ ला सोलमध्ये ती परत आली आणि तेव्हापासून कधी गेली नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून आजवर तिची गैरहजेरी लागली ती एकदाच, आणि ती आपल्या घरी. त्या वेळी मी कॉलेजात होतो. रंगीत टीव्हीवर सेबर पाहिला असता तर शिबिरासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं नसतं.

योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये रोमला जागतिक स्पर्धेत या खेळातला सगळ्यात वाईट अपघात झाला. सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव्ह, मॉस्को ऑलिंपिकचा फॉइल विजेता. समोरच्याचं पातं मोडलं आणि मोडलेलं टोक त्याचा मुखवटा भेदून गेलं. तो काही दिवसांनी गेला. आज हे जे पोलाद, ही जाळी, हे जाड कापड तुम्ही बघता, ते सगळं त्यानंतर कडक झालं. मुलांचे पालक “धोका आहे का?” विचारतात तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. लपवण्यात अर्थ नाही. मग पुढं सांगतो की आमच्या वीस वर्षांत सगळ्यात मोठी दुखापत घोटा मुरगळण्याची झाली, आणि तीही पायऱ्यांवरून उतरताना.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: लढतीच्या शेवटी हात मिळवायचा नाकारला तर काय होतं? बघा, हांगझोऊच्या दोनच महिने आधी मिलानच्या जागतिक स्पर्धेत हेच झालं, आणि तेही सेबरमध्येच. युक्रेनच्या ओल्गा खार्लाननं रशियाच्या खेळाडूला हरवलं, पण हात न देता तलवार पुढं केली. नियमाप्रमाणं तिला काळं कार्ड मिळालं. त्यावर इतका गदारोळ झाला की नियमच बदलला; आता दुरून तलवारीनं सलामी दिली तरी चालते. पंच म्हणून मला विचाराल तर कार्ड नियमानं बरोबर होतं, आणि ते दाखवणारा मी नव्हतो याचं मला बरं वाटलं.

झालं, वेळ संपत आली, मागून खूण झाली आहे. हा सेबर आता मुलांनी हातात घेऊन बघावा. ओळीनं या. टोक जमिनीकडं, आणि एका वेळी एकच जण. याला वीज जोडलेली नाही, त्यामुळं कुठलाही दिवा लागणार नाही. हो, तू, चष्मेवाली, तू डावखुरी आहेस ना? मघापासून डाव्या हातानं लिहितेस, पाहिलं मी. मग हा तुझ्या हाताला नीट बसणार नाही, याचा गार्ड उजव्याचा आहे. डाव्याचा वेगळा येतो. तरी घे. आणि तू, तिच्यासमोर उभा राहा. एवढ्या जवळ नाही. मागं सर. अजून एक पाऊल.